मुलांच्या डोक्यावरचा हात खाली घ्या: नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, नागपूर,
माननीय आयुक्त, नागपूर महानगरपालिका,

सादर नमस्कार.

मी नागपुरातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. २६ जूनला सकाळी साडेसातला आमचे सगळे वर्ग मैदानात रांगेत उभे होते. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. नवीन वर्गात येऊन पोरांना तीनच दिवस झाले होते, निम्म्यांच्या पुस्तकांना अजून कव्हरंही लागली नव्हती. अमली पदार्थविरोधी दिनाची शपथ कागदावर छापून आली होती आणि ती वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी एकेक ओळ वाचत होते आणि मुलं उजवा हात पुढे धरून माझ्यामागे म्हणत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचा हात मात्र खाली होता.

मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारलं. बराच वेळ तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरते ना?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं हे? "मागच्या वर्षी मले कावीळ झाली होती. आजी म्हणे, तुह्या बापानं तुह्या डोक्याची शपथ मोडली म्हणून झाली." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे मी मेलो तरी त्याईले चालते का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. आपणच त्याला शिकवलेलं आहे की मनात आणलं तर दारू सुटते. बापाची सुटली नाही, म्हणजे त्याने मनात आणलं नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवूनही मनात आणलं नाही, तर मग ते लेकरू बापाचं कोण? बारा-तेरा वर्षांचं पोर आपल्या घोषवाक्यांतून सरळ तिथे जाऊन पोचतं. त्या दिवशी मी मैदानात जे वाचून दाखवलं, त्यातही तेच होतं.

हे पत्र मी शपथेच्या विरोधात लिहीत नाही. शपथेनंतर काय, हे आपण कधीच सांगत नाही, म्हणून लिहिते आहे. हे मला माझ्या धाकट्या भावामुळे कळलं. पुढचं सगळं त्याच्या परवानगीने लिहिते.

तो हिंगणा एमआयडीसीत वेल्डर आहे. हात असा की शिवण पाहून लोक विचारायचे, मशीनने मारली का. पंधरा वर्षं रोज पीत होता. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी, मग शिफ्ट संपल्यावर, शेवटी शेवटी सकाळी कामावर जाण्याआधी एक निप, कारण ती घेतल्याशिवाय होल्डर हातात स्थिर राहत नसे. काही वर्षांमागे पोळ्याच्या रात्री घरात फार वाईट भांडण झालं. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, वहिनी बॅग भरून माहेरी निघाली होती. मी तिथे होते. मीच माझ्या सहा वर्षांच्या भाचीला पुढे उभं केलं आणि भावाला म्हटलं, ठेव हात हिच्या डोक्यावर. त्याने ठेवला. रडला. म्हणाला, ताई, आजपासून थेंब नाही. वहिनीने बॅग परत आत नेली.

त्याने ती शपथ पाळली. हे नीट वाचावं अशी विनंती आहे. कर म्हणजे आमच्याकडे मटणाचा आणि पिण्याचा दिवस, मोहल्ल्यात घराघरात बाटल्या फुटत होत्या, पण त्याने हात लावला नाही. पोरीला खांद्यावर घेऊन तो मारबतीची मिरवणूक पाहायला गेला. 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' म्हणून लोक ओरडत होते आणि तोही ओरडला. अर्ध्या रस्त्यात पोरीला खाली उतरवावं लागलं, कारण हात थरथरायला लागले होते. दुसऱ्या दिवशी बशीतला चहा ओठापर्यंत पोचेना, सगळा शर्टावर. घामाने अंथरूण भिजलं, पोटात काही टिकेना. आम्ही सगळे खूश होतो. शरीरातलं विष निघून राहिलं, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, मन घट्ट कर, दोन दिवसांचा खेळ आहे. संध्याकाळी त्याला झटका आला, दातखिळी बसली. उपाशीपोटी चक्कर आली असेल म्हणून आम्ही त्याला कांदा हुंगवला.

तिसरी रात्र हरतालिकेची होती. बायका जागरणाला बसल्या होत्या, गाणी चालली होती. आतल्या खोलीत भाऊ पलंगावर उठून बसला आणि त्याने हवेत वेल्डिंग सुरू केलं. डाव्या हाताने चेहऱ्यापुढे काच धरलेली, उजव्या हातात रॉड. संपलेला रॉड काढून बाजूला टाकत होता, नवीन लावत होता. मी दारात उभी राहिले तर ओरडला, "ताई, काच लाव, डोळे जातील!" त्याला ठिणग्या दिसत होत्या. माझ्या पायाशी पडलेल्या ठिणग्या तो विझवायला धावला आणि पडला.

रात्री दोनला आम्ही त्याला ऑटोतून रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली होती? वहिनीने अभिमानाने सांगितलं, तीन दिवस झाले साहेब, थेंब नाही. डॉक्टर म्हणाला, म्हणूनच झालं हे.

मी विज्ञान शिकवते, तरी मला हे माहीत नव्हतं. दारू मेंदूला संथ करते. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू त्या संथपणाशी जुळवून घेतो, स्वतःची उत्तेजना वाढवून बरोबरी साधतो. मग एके सकाळी दारू अचानक थांबते, पण मेंदूचा वाढलेला वेग तसाच राहतो. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम, साधारण दोन दिवसांच्या आत झटके, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो भ्रम, ज्यात माणूस कुठे आहे हेच विसरतो आणि पुष्कळदा आपलं रोजचं काम हवेत करत राहतो. उपचार नाही मिळाला तर त्यात माणूस मरतो. उपचार काही फार महागडाही नाही. ठरावीक गोळ्या मोजून द्यायच्या आणि रोज थोड्या कमी करत आणायच्या, 'बी-वन' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी-क्षार आणि सतत लक्ष. माझा भाऊ अकरा दिवसांनी घरी आला. तो शपथ मोडून मरणाच्या दारात गेला नव्हता. शपथ पाळून गेला होता.

आपल्याकडे व्यासपीठावरून हजारो माणसं 'आजपासून बंद' म्हणून हात वर करतात. त्यांच्यात रोज सकाळी पिणारा एखादा तरी असतोच. त्याला 'एकदम बंद करू नको, आधी डॉक्टरला भेट' हे एक वाक्य माइकवरून कुणी सांगत नाही.

भावाची गोष्ट इथे संपली असती तर हे पत्र सोपं झालं असतं. चार महिन्यांनी, पगाराच्या दिवशी, तो पिऊन आला. शरीर स्वच्छ झालेलं होतं, थरथर नव्हती, पोरगी होती, शपथ होती, मरण पाहिलेलं होतं. तरी पिऊन आला. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते मला इथे लिहवत नाही.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं. थांबायचं की नाही, हे ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग आणि 'हवं' म्हणणारा आतला भाग यांच्यात वर्षानुवर्षांच्या दारूने बिघाड होतो. थांबवणारा भाग दुबळा पडतो. हवं म्हणणारा भाग वास, जागा, वेळ, आवाज यांना चिकटून बसतो आणि ते दिसलं की माणसाला कळायच्या आत जागा होतो. ज्या इंद्रियाने निर्धार करायचा, तेच जखमी आहे. पाय मोडलेल्याला आपण म्हणत नाही की तू मनापासून चालत नाहीस.

भाऊ हेच त्याच्या शब्दांत सांगतो. "ताई, भट्टीसमोरून जातानी मी मान वळवून घेतो. पण बाजूचा चना-पोहेवाला दिसला का तोंडाला पाणी सुटते. चन्याचं नाही." सुरुवातीला त्याला घरी यायचा रस्ताच तीन दुकानांवरून होता. पगार हातात रोख मिळायचा. सोबत येणारे चौघेही पिणारे. संध्याकाळी सहाला, दहा तास उभं राहून थकलेल्या, उपाशी माणसाने रोज त्या रस्त्यावरून एकट्याने निर्धार घेऊन यायचं, अशी आमची अपेक्षा होती.

खर्ऱ्याचंही तेच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देणारा पानठेला आमच्या शाळेपासूनही फार लांब नाही. पालकसभेला एक वडील आले होते. त्यांचं तोंड एक बोट जेमतेम जाईल एवढंच उघडत होतं, भाकरी पाण्यात भिजवून खावी लागते म्हणाले. शर्टाच्या खिशात पन्नी होती. एवढं दुखणं, एवढी भीती ज्याला थांबवू शकली नाही, त्याला मी आणखी कुठली घोषणा ऐकवू? निकोटीनची ओढ कमी करायला च्युइंगम आणि औषधं असतात, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

कुणी म्हणेल, मग सगळा दोष रोगाचा, माणूस मोकळा? नाही. माझ्या वहिनीने जे सोसलं त्याची भरपाई कुठलाही मेंदूचा नकाशा करत नाही. तिने भावाला सगळं माफ केलेलं नाही, आणि तिने ते करावं असं तिला कुणी सांगूही नये. त्याला जबाबदारी आहेच: गोळी वेळेवर घेण्याची, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाण्याची, उलटलं, म्हणजे पुन्हा प्यायला, तर लपवून न ठेवण्याची. ही कामं त्याला करता येतात, आणि त्यांचा जाब त्याला विचारताही येतो.

आपल्या मातीतही हे शहाणपण आहे. आमच्या गावाकडे माळ घातली की दारू सुटते म्हणतात, आणि बऱ्याच जणांची सुटलेली मी पाहिली आहे. पण माळ घातलेला माणूस एकटा नसतो. त्याला एकादशी असते, भजनाची मंडळी असतात, संध्याकाळी बसायची दुसरी जागा असते, आणि गावात कुणी त्याला ग्लास पुढे करत नाही. आपल्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही आहे. ती लाखोंनी एकत्र घेतली, आणि ती घेणाऱ्याच्या मागे वस्ती उभी राहिली, विहार उभे राहिले, वस्तीतल्या बाया उभ्या राहिल्या. आज आपण त्यातला उच्चार तेवढा उचलला आणि मागची वस्ती सोडून दिली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिची पहिलीच पायरी म्हणजे दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं. माझा भाऊ त्यांच्या बैठकीतून पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "तिथं कोणी मले मन घट्ट कर म्हटलं नाही, ताई. फोन नंबर देल्ला, म्हणे रात्री दोनला पण लाव." देल्ला म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. मनोबल पुरेसं असतं तर वॉर्डातल्या बायांना मतदान करून बाटली आडवी करायचा हक्क कशाला लागला असता? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. नुसतं दुकान बंद करूनही भागत नाही हे विदर्भातल्याच गडचिरोलीने दाखवलं. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी २०१६ मध्ये व्यसनमुक्तीचं मुक्तिपथ अभियान सुरू करावं लागलं आणि त्यात गावात जाऊन उपचार देण्याचा भाग ठेवावा लागला.

आणि उपचार पोचतात किती जणांपर्यंत? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. उरलेल्या ३७ जणांकडे काय आहे? शपथ आहे. नाहीतर विजेच्या खांबावर चिकटवलेली 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात आहे. वहिनीनेही ती पूड एकदा भाजीत कालवली होती. त्यात काय होतं देव जाणे. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. हतबल बायकोला हे कुणी सांगायचं? भावाला एका खाजगी केंद्रातही ठेवलं होतं. तिथे सकाळी व्यायाम आणि संध्याकाळी मार होता, रात्री पायाला साखळी. साखळीने बांधायला २०१७ च्या त्याच कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

आता माझं मागणं. आपल्याकडे मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्याच्या जवळच्या चौकाला ऑटोवाले आजही पागलखाना चौक म्हणतात आणि त्या नावानेच माणूस मागे फिरतो. आमचंही एक वर्ष त्यात गेलं. म्हणून उपचार मोहल्ल्याजवळ आणा. महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवा. सकाळची वेळ ठेवलीत तर रोजंदारीवाला येणार नाही, त्याचा खाडा पडतो. ओढ कमी करणारी औषधं, नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, तिथे मिळू द्या, आणि संपली तर 'पुढच्या महिन्यात या' असं सांगू नका. या आजारात तो महिना फार मोठा असतो. उपचार घेणाऱ्यांतही ४० ते ६० टक्के लोकांचं उलटतं, असं अमेरिकेची या विषयावरची राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते, आणि रक्तदाब-दम्याचंही काही वेगळं नसतं. त्यामुळे परत आलेल्याला खिडकीवर 'पुन्हा आलास?' असं विचारणारा माणूस नको. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखानदारांशी बोला, उपचाराच्या दहा-बारा दिवसांत नोकरी जाणार नाही एवढा शब्द घ्या. भावाच्या मालकाने तो दिला, पगारही वहिनीच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. भाऊ आता कंपनीच्या बसने दुसऱ्या रस्त्याने येतो. या तीन गोष्टींनी जे झालं ते माझ्या दहा वर्षांच्या उपदेशाने झालं नव्हतं. आणि ज्या केंद्रांत साखळ्या आहेत तिथे न कळवता जा.

शपथेच्या कागदावर खाली दोन ओळी छापा: रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम थांबू नये, आणि मदतीसाठी १४४४६ किंवा १४४१६ वर फोन करावा. आणि कृपा करून, कुठल्याही कार्यक्रमात बापाला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावू नका. मी लावला होता. माझी भाची आता मोठी झाली आहे. तिला मध्येच कधी ताप आला की ती आधी बापाच्या तोंडाचा वास घेते.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून होते, हे फळ्यावर काढून दाखवलं, विज्ञानाचाच तास होता. मग एकट्याला सांगितलं की तुझे बाबा आजारी आहेत, आणि तुझ्यावर प्रेम असूनही माणूस आजारी राहू शकतो. तो म्हणाला, "मग दवाखाना कुठे आहे याचा?" मी पत्ता लिहून दिला. संध्याकाळी चालू असतो का, हेही त्याने विचारलं. त्याचे बाबा रात्री आठला घरी येतात.

पुढच्या २६ जूनला, सामाजिक न्याय दिनही त्याच दिवशी असतो, शपथेच्या माइकशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा. एका खुर्चीवर समुपदेशक बसेल. पिण्याची सवय तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची साधी चाचणी आहे, ती भरायला पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या खुर्चीवर पहिला कोण बसणार, याची काळजी करू नका. माझा भाऊ बसायला तयार आहे. शेवटचं उलटलं त्याला आता चौदा महिने झाले. त्याचं एकच म्हणणं आहे, कार्यक्रम चारनंतर ठेवा, त्याची पहिली शिफ्ट असते.

आपली विश्वासू,
नागपूरची एक शिक्षिका